आठवीपर्यंत मोफत, नववीला लाखाची फी: शाळा बदलावी का?

प्रश्न: माझी मुलगी आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) सोडतीतून पहिलीला सीबीएसईच्या खासगी शाळेत लागली. आता आठवीत आहे, जानेवारीत तिला चौदा पूर्ण होतील. शाळेतले क्लार्क म्हणतात, चौदा झाले की फी सुरू. नववीची फी ८४,००० आणि बसचे १८,०००. मी लॅबमध्ये कामाला आहे, मिस्टरांचा टेम्पो आहे. दोघांचे मिळून महिन्याला ४६,००० येतात, भाड्यासकट खर्च ३९,०००. एफडी १,६०,००० ची, चार तोळे सोनं आणि सुकन्या खातं आहे. सोनं गहाण ठेवू, सुकन्या मोडू की शाळा बदलू? दीर म्हणतात, आठवीनंतर शाळा सक्तीची नाहीच, क्लास लावून १७ नंबरचा फॉर्म भरा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येतं.
(एक आई, धनकवडी)

उत्तर:

ताई, आधी जानेवारीची धास्ती मनातून काढा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार २५ टक्के राखीव जागेवरच्या मुलाला शाळेने पहिली ते आठवीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मोफत द्यायचं असतं. मध्येच वाढदिवस आला म्हणून फी सुरू होत नाही. आठवीचा निकाल लागेपर्यंत तुम्ही फी देणं लागत नाही. क्लार्कनी पुन्हा विषय काढला तर मागणी लेखी द्यायला सांगा आणि तो कागद घेऊन शिक्षणाधिकारी कार्यालयात जा.

दिरांचं एवढंच खरं, की कायद्याची सक्ती सहा ते चौदा वयापुरती आहे. पण म्हणून चांगली शिकणारी मुलगी घरी बसवायची? १७ नंबरचा फॉर्म ज्यांची शाळा काही कारणाने सुटली त्यांच्यासाठी आहे आणि त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. तुमच्या मुलीची शाळा सुटलेली नाही. हा पर्याय कृपा करून बाजूला ठेवा.

सुकन्या खात्यातून शिक्षणासाठी पैसे निघतात ते मुलगी दहावी पास झाल्यावर किंवा अठराची झाल्यावर, तेही मागच्या आर्थिक वर्षाच्या अखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत. नववीसाठी त्याचा उपयोग नाही, आणि ते बरंच आहे. सोन्यालाही हात लावू नका. दरवर्षी येणारी फी कर्जाने भरली, तर पहिलं सोनं सुटायच्या आत दुसऱ्या वर्षाची फी दारात उभी राहते.

आता खरा हिशोब. फी, बस आणि वह्या-पुस्तकं-गणवेशाचे आठेक हजार धरून वर्षाला १,१०,०००, दोन वर्षांचे २,२०,०००. महिन्याचे ७,००० वाचवून दोन वर्षांत १,६८,००० जमतील, उरलेले ५२,००० एफडीतून. म्हणजे कर्ज न काढताही जमतं! पण दहावीनंतर हातात राहतात १,०८,०००, तुमचा तीन महिन्यांचा खर्चही नाही. टेम्पोचं इंजिन काढायची वेळ आली की मिस्टरांची कमाई थांबते आणि गॅरेजचं बिल वेगळं. घरातली निम्मी कमाई एका गाडीवर असताना मला ही शिल्लक फार तोकडी वाटते.

अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. पुस्तकं, पीएमपी बसचा पास, एखादा क्लास असे दोन वर्षांत ४०,००० गेले तरी एफडी धरून २,८८,००० हाताशी राहतात. अकरावी-बारावीचे क्लास आणि पुढचं कॉलेज यांच्या तोंडावर ही रक्कम फार कामाची आहे.

म्हणून माझं मत शाळा बदलण्याच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. अनुदानित मराठी शाळेत तिला सेमी-इंग्रजीच्या वर्गात बसावं लागेल; तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं, इतिहास-भूगोल मराठीतून. आठ वर्षं ती हे विषय इंग्रजीतून शिकली आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर नववीचं इतिहासाचं पुस्तक मोफत मिळतं. त्यातला एक धडा तिला वाचायला द्या आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण सांगू नका. वाचताना अडखळली तरी हरकत नाही, उन्हाळ्याची सुट्टी आहे. पण लिहायला हातच उचलला नाही, तर पैशांसाठी तिची दहावी पणाला लावू नका. तिथेच राहू द्या आणि वरचा २,२०,००० चा हिशोब पाळा. निर्णय मात्र तिला बरोबर घेऊन करा, मैत्रिणी तिच्या सुटणार आहेत.

एक वाट मात्र नको: नववी इथेच करू, मग दहावीला बघू. सीबीएसईत दहावीच्या परीक्षेची नोंदणी नववीतच होते आणि दहावीला बोर्ड बदलणं फार जड जातं. जे ठरवाल ते दोन्ही वर्षांचं ठरवा.

राहायचं ठरलं तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेला फीचा तक्ता मागून घ्या. राज्याच्या २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे एकदा ठरलेली फी दोन वर्षं लागू असते, त्यामुळे तक्ता कोणत्या दोन वर्षांचा आहे आणि त्यात दहावीचं वर्ष येतं का, तेही विचारा. फीवर करसवलत मिळते असं कुणी सांगितलं तर सोडून द्या, तुमच्या उत्पन्नावर तसाही कर लागत नाही.

बदलायचं ठरलं तर जूनची वाट पाहू नका. स्वारगेट, सदाशिव पेठेकडच्या अनुदानित शाळांमध्ये फेब्रुवारीतच जाऊन नववीला जागा आहे का विचारा. आणि जूनपासून ते ७,००० पगाराच्या दिवशीच आरडीत वळते करा.