पंख्याचा रेग्युलेटर, तापलेला मॉस्फेट आणि न फुललेली शेवंती

प्रश्न : आमच्या घरच्या मागच्या बलकांवात, म्हणजे पडवीत, मी दर वर्षी खोला मिरचीची आणि वांग्याची रोपे करते. जून-जुलैत उजेडच नसतो, रोपे दोऱ्यासारखी लांबतात आणि आडवी होतात. म्हणून २४ व्होल्टच्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या, ५ मीटर, अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनलवर चिकटवून ट्रेवर टांगल्या. उजेड कमीजास्त करायला वायरमनने पंख्याचा रेग्युलेटर बसवून दिला. अर्ध्याच्या खाली आणला की पट्ट्या लुकलुकायच्या, एसएमपीएस (२३० व्होल्टचे २४ करणारा डबा) गुणगुणायचा, आणि पंधरवड्यात तो गेलाच. मग इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने नवा एसएमपीएस आणून अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येतो असा छोटा बोर्ड) आणि एक मॉस्फेट (तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून डिमर केला. चालतो, पण मॉस्फेटला बोट लावता येत नाही. शिवाय वीज जाऊन आली की त्याचा दिवस पहिल्यापासून सुरू होतो. परवा रात्री नऊ वाजता आमच्याकडे सूर्योदय झाला. भाचा आता हॉस्टेलवर आहे. सोल्डरिंग मला जमते. काय करू?
— मिरचीवाली, डिचोली

उत्तर : ताई, पत्र वाचून आधी हसलो, मग गप्प बसलो. रात्री नऊचा सूर्योदय माझ्या घरीही होऊन गेला आहे. भाच्याला रागावू नका, त्याचे बरेचसे काम बरोबर आहे. चुकले ते तीन ठिकाणी, आणि तिन्ही दुरुस्त्या तुमच्या हातच्या आहेत.

रेग्युलेटरचे आधी संपवू. एसएमपीएस म्हणजे घरावरची पाण्याची टाकी. खालून पाणी कमी दाबाने येवो की जास्त, नळाला दाब तोच. त्याचे कामच २४ व्होल्ट राखायचे. रेग्युलेटर काय करतो, तर विजेच्या लाटेचा पुढचा भाग कापून टाकतो. एसएमपीएसला उरलेल्या तुकड्यातून तेवढीच वीज ओढायची असते, म्हणून तो मोठमोठे घोट घेतो. ती गुणगुण त्या घोटांची. आणखी कापले की त्याला जगण्यापुरतेही मिळत नाही. तो बंद पडतो, पुन्हा उठतो, पुन्हा पडतो. ते तुमचे लुकलुकणे. तेव्हा पट्ट्यांचा उजेड कमी करायचा तो २३० व्होल्टच्या बाजूला नव्हे, २४ व्होल्टच्या बाजूला. भाच्याने ते ओळखले, हे त्याचे खरे शहाणपण.

आता मॉस्फेट. भिंग घ्या आणि त्याच्या काळ्या अंगावरची अक्षरे वाचा. 'आयआरएफ'ने सुरुवात असेल, उदाहरणार्थ आयआरएफ५४०, तर चोर सापडला. या जातीचे दार नीट उघडायला गेटला, म्हणजे हुकूम घेणाऱ्या पायाला, १० व्होल्ट लागतात. नॅनो देतो ५. मग दार अर्धवट किलकिले राहते आणि त्यातून तुमचा सगळा प्रवाह घुसमटत जातो. ५ मीटर पट्टी मीटरला १४.४ वॅटची धरली तर ७२ वॅट, म्हणजे ३ अँपियर. मॉस्फेटवर समजा १ व्होल्ट अडकला, तर ३ वॅट उष्णता नखाएवढ्या तुकड्यात. बोट भाजणारच. आणायचा तो आयआरएलझेड४४एन. त्यातला 'एल' लॉजिकचा. ५ व्होल्टला तो जवळजवळ पूर्ण उघडतो आणि ३ अँपियरला पाव वॅटही खात नाही. हीटसिंक लागत नाही, कोमटसुद्धा होत नाही म्हटले तरी चालेल. दुकानदार 'हा पण तोच, चव्वेचाळीस नंबर' म्हणून आयआरएफझेड४४ हातात ठेवतो, तेव्हा अक्षर स्वतः वाचून घ्या. मी आयटीआयमध्ये शिकवत होतो तेव्हा वर्गातली निम्मी पोरे याच एका अक्षरावर अडायची.

जोडणी सांगतो. पट्टीची अधिक तार थेट २४ व्होल्टला, मध्ये ५ अँपियरचा फ्यूज. पट्टीची उणे तार मॉस्फेटच्या मधल्या पायाला. छापील बाजू तुमच्याकडे धरली तर डावा पाय गेट, मधला ड्रेन, उजवा सोर्स. सोर्स, एसएमपीएसचा उणे आणि नॅनोचा ग्राउंड हे तिन्ही एकत्र. नॅनोच्या ९ नंबरच्या पायापासून गेटपर्यंत २२० ओहमचा रेझिस्टर. आणि गेटपासून सोर्सपर्यंत १० हजार ओहमचा दुसरा. नॅनोला २४ व्होल्ट थेट देऊ नका, त्याच्या अंगावरचा छोटा व्होल्टेज रेग्युलेटर तेवढे सोसत नाही. २४ व्होल्टचे ५ करणारी एलएम२५९६ची तयार पट्टी मिळते, तिचा पितळी स्क्रू फिरवून मल्टिमीटरवर नेमके ५ व्होल्ट आले की मगच नॅनोच्या ५ व्होल्टच्या पायाला जोडा. आधी जोडून मग स्क्रू फिरवणारे मी पाहिले आहेत. त्यांचे नॅनो माझ्या डब्यात आहेत.

तो १० हजारवाला रेझिस्टर किरकोळ वस्तू, म्हणून पुष्कळ जण गाळतात. भाच्यानेही गाळला असावा. वीज आल्यावर नॅनो जागा व्हायला एक-दोन सेकंद घेतो, आणि तोवर त्याचे पाय कुणाचेच नसतात, अधांतरी. गेट अधांतरी म्हणजे दिवा काय करील ते त्याचे त्यालाच ठाऊक. हा रेझिस्टर गेटला खाली ओढून धरतो. नॅनो झोपलेला असो, बिघडलेला असो, त्याची तार मुंगळ्यांनी हलवलेली असो, दिवा बंद. डिमर करताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: बोर्ड मेला तर दिवा काय करील? आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाते, म्हणजे बोर्ड दिवसातून चार वेळा मरतो.

हे मी फुकट शिकलो नाही. माझ्या पहिल्या दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, डिमिंगच्या दोन तारांवाला होता, ०-१० व्होल्ट म्हणतात तसला. त्यांची खोड अशी की त्या तारा मोकळ्या सोडल्या तर दिवा पूर्ण पेटतो, आणि एकमेकींना जोडल्या तरी बहुतेक ड्रायव्हर पूर्ण विझत नाहीत, दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळतात. पूर्ण विझवायला म्हणून मी २३० व्होल्टच्या बाजूला एक निळा १० अँपियरचा रिले, म्हणजे नॅनोच्या हुकमावर चालणारा स्विच, टाकला. दिवा अँपियरभरही घेत नव्हता, म्हटले पुष्कळ झाला. पण ड्रायव्हरच्या पोटातला कपॅसिटर रिकामा असताना पहिल्या क्षणी जो प्रवाह आत घुसतो, तो नेहमीच्या कित्येक पट असतो. रोज संध्याकाळी एक ठिणगी. एके दिवशी रिलेचे आतले दोन ठिपके वितळून एकमेकांना चिकटले. नॅनोला वाटतेय दिवा विझवला, रिलेची छोटी लाल बत्तीसुद्धा बरोबर विझते, आणि मागच्या पडवीत दिवा रात्रभर मंद पेटलेला.

दिवा लेट्यूसच्या ट्रेवर होता. शेजारी आमच्या सौभाग्यवतींच्या शेवंतीच्या कुंड्या. शेवंती कळी धरते ती लांब रात्रीच्या भरवशावर. मध्यरात्री थोडासा उजेड अंगावर पडला तरी तिला अजून उन्हाळाच वाटतो. ऑक्टोबर असाच गेला. आम्ही निजतो पुढच्या खोलीत, कळणार कसे? शेवटी शेजारीण म्हणाली, "तुमच्याकडे रात्रभर कसली पूजा चालते हो?" तिच्या कुंड्या कळ्यांनी भरलेल्या आणि आमच्या नुसत्या हिरव्यागार. त्या वर्षी दत्तजयंतीला शेवंती बाजारातून आणली. रिले उघडून चिकटलेले ठिपके मी सौभाग्यवतींना दाखवले. त्यांना त्यात काही रस वाटला नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, तुमच्या पट्ट्या आणि मॉस्फेट हाच साधा मार्ग बरा. गेट शून्यावर म्हणजे दिवा खरोखर शून्यावर. रिले नकोच.

राहिला रात्रीचा सूर्योदय. भाच्याचा प्रोग्राम 'मी जागा झाल्यापासून किती वेळ झाला' हे मोजतो. वीज गेली की तो मेला, वीज आली की त्याची पहाट. त्याला घड्याळ द्या. डीएस३२३१ नावाचे छोटे घड्याळ मिळते, चार तारा: ५ व्होल्ट, ग्राउंड, ए४ आणि ए५. पाठीवरच्या बटण-सेलवर ते वीज नसतानाही चालते, आणि महिन्यात काही सेकंदांपलीकडे चुकत नाही. बदल इतकाच की नॅनोने दर खेपेला घड्याळ बघायचे आणि या वेळेला उजेड किती असावा ते ठरवायचे. मागचे काही लक्षात ठेवायचे नाही. भाच्याला फोनवर एवढे वाक्य सांगा, तो रविवारी लिहून पाठवील.

एक बारीक गोष्ट. या घड्याळाच्या निळ्या पट्टीवर सेल चार्ज करायची सोय असते, पण लोक घालतात तो साधा सीआर२०३२, जो चार्ज करायचा नसतोच. तो हळूहळू फुगतो. पट्टीवर काचेच्या तांबूस डायोडशेजारी '२०१' छापलेला, तिळाएवढा रेझिस्टर दिसेल. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने तो काढून टाका. हात स्थिर नसेल तर नखाच्या कटरने तोडा, मीही तेच करतो.

पहाटेसारखा उजेड हळूहळू वाढवायचा तो हौस म्हणून वाढवा. मिरचीच्या रोपाला त्याचे काही नाही.

प्रश्न : डिमर ५० टक्क्यांवर ठेवला तरी दिवा जवळजवळ तेवढाच प्रखर दिसतो. मग रोपाला नक्की किती मिळते? फोनवरच्या लक्स मीटरचे आकडे उड्या मारतात.
— निवृत्त शिक्षक, काणकोण

उत्तर : गुरुजी, रोपाला अर्धेच मिळते. फसतो तो तुमचा डोळा. डिमर दिवा मंद करत नाही, सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद करतो. ५० टक्के म्हणजे निम्मा वेळ चालू. डोळा अंधाराला उदार आहे, निम्मा उजेड त्याला पाऊणच्या आसपास दिसतो. पान मात्र हिशेबी, जेवढे फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, पडले तेवढे मोजते. फोन गोंधळतो तो याच उघडझापीमुळे. तेव्हा मोजताना दिवा १०० टक्के करा, पानांच्या उंचीवर फोन आडवा धरा, आकडा लिहा, आणि पुढचे गुणाकाराने काढा.

पांढऱ्या एलईडीचे लक्स ढोबळमानाने ७० ने भागले की रोपाच्या मापातला आकडा येतो, दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल (फोटॉन मोजायचे एकक). समजा १४,००० लक्स दिसले, म्हणजे २००. रोज १४ तास दिलेत तर २०० गुणिले ३६०० गुणिले १४, म्हणजे सुमारे १ कोटी मायक्रोमोल, सोप्या भाषेत दिवसाला १० मोल. भाजीच्या रोपांना १० ते १५ मोल मिळाले की ती ठेंगणी, जाड दांड्याची होतात. दिवा अर्धा केलात तर ५ मोल, आणि रोपे पुन्हा माना लांब करू लागतात. खिडकीतून ऊन येते त्या दिवशी कमी करा. डिमरचा खरा उपयोग एवढाच, शोभा नव्हे.

प्रश्न : नॅनोऐवजी वायफायवाला बोर्ड लावला तर मोबाइलवरून उजेड बदलता येईल ना? घड्याळही इंटरनेटवरून घेता येईल.
— विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : येईल. दोन गोष्टी बघ. त्या बोर्डाचे पाय ५ नव्हे, ३.३ व्होल्ट देतात, आणि तेवढ्यात वर सांगितलेला आयआरएलझेड४४एनसुद्धा पुरता उघडत नाही. मध्ये गेटला पुरेसे व्होल्ट देणारा गेट ड्रायव्हर टाक किंवा ३.३ व्होल्टला पूर्ण उघडणारा मॉस्फेट शोध. दुसरे, नोडएमसीयू नावाच्या वायफाय बोर्डावर काही पाय जागे होतानाच वर जातात, म्हणजे वीज आली की दिवा डोळा मारणार. डी१ किंवा डी२ घे, ते शांत आहेत. घड्याळ इंटरनेटवरून घेतलेस तरी डीएस३२३१ ठेवच. वीज येते तेव्हा राउटरही नुकताच डोळे चोळत असतो, आणि तुमच्याकडे पाऊस पडला की नेट किती वेळाने येते ते तू मला सांग.