स्वमग्न मुलांना शिकवायचंय, पण उत्साह टिकेल का?

प्रश्न : मी मानसशास्त्राची पदवीधर आहे. काही महिन्यांपासून स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या वर्गात मदतनीस म्हणून जाते. विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करावा असं वाटतं. पण मुलं माझ्याकडे बघतही नाहीत, तेव्हा खचायला होतं. तिथल्या बाईसुद्धा कायम थकलेल्या दिसतात. माझ्यात तेवढी चिकाटी नसेल तर?

उत्तर : तुझी शंका रास्त आहे आणि ती अभ्यासक्रमाच्या आधी पडली, हे चांगलं झालं. थकलेल्या शिक्षकाची झळ मुलाला लागतेच. बोललेलं समजून घ्यायला अनेक स्वमग्न मुलांना जास्त वेळ लागतो. शिक्षक दमलेला असला की तेवढं थांबत नाही. सूचना पुन्हा पुन्हा देतो, नाहीतर मुलाचं काम स्वतःच उरकून टाकतो. मूल शिकत नाही आणि शिक्षक आणखी खचतो.

पण चिकाटी जन्मजात असावी लागते, हे मला पटत नाही. ‘हे मला जमेल’ हा विश्वास कशातून येतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये केली. त्यांच्या मते त्याचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे स्वतः मिळवलेलं यश. या कामात ते यश बारीक पावलांनी येतं आणि भलत्याच जागी शोधलं तर दिसतच नाही. तू नजरेची वाट बघतेस. अनेक स्वमग्न व्यक्तींना नजरेला नजर देणं त्रासदायक होतं. तुझ्याकडे न बघताही मूल तुझं ऐकत असू शकतं.

मग बघायचं काय? चित्रकार्ड देऊन हवी ती वस्तू मागण्याची ‘पेक्स’ पद्धत घे. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ती 1985 मध्ये तयार केली. पहिल्या टप्प्यात दोन मोठी माणसं लागतात : एक समोर कार्ड घ्यायला, दुसरं मागून मुलाच्या हाताला आधार द्यायला. हा आधार हळूहळू काढून घेतात. आधी हात धरावा लागायचा, आता कोपराला नुसता स्पर्श पुरतो, ही खरी प्रगती आहे. पण लिहून ठेवली नाही तर आठवड्याच्या गडबडीत ती कोणाच्याच लक्षात राहत नाही. रोज दोन ओळींची नोंद ठेवणारी शिक्षिका तग धरते, असं माझं ठाम मत आहे.

बाईंच्या थकव्यावरून स्वतःचं भविष्य ठरवू नकोस. त्यांना तयारीला वेळ मिळतो का, मुलाचं वागणं हाताबाहेर गेलं तर सल्ला द्यायला कोणी अनुभवी आहे का, हे त्यांनाच विचार. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या प्रेरणेच्या सिद्धांतात तीन गरजा सांगितल्या आहेत : निर्णयाची मोकळीक, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि माणसांशी जोडलेपण. जिथे तिन्हींची उपासमार होते, तिथे कितीही मायाळू माणूस कोरडा पडतो. पुढे नोकरीच्या मुलाखतीत पगाराइतक्याच आग्रहाने हेच प्रश्न विचारायचे.

अभ्यासक्रम निवडताना प्रत्यक्ष वर्गात, अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली किती काम करायला मिळेल, ते आधी बघ. एकेका मुलासोबतच काम करावंसं वाटत असेल तर वाचा-उपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपीचाही (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिले जाणारे उपचार) विचार कर. आणि स्वमग्न प्रौढांनी स्वतःबद्दल लिहिलेलं वाच, पाठ्यपुस्तकांच्याही आधी.

सध्या एकच मूल आणि एकच कौशल्य निवड. महिनाभर नोंदी ठेव, बाईंना दाखव आणि मगच अर्ज भर.