नजर परत आली, पण आयसीयूचं बिल लागलं

प्रश्न : वडिलांचं (वय ७१) मिरजेतल्या एका खासगी दवाखान्यात दुर्बिणीतून प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. वॉर्डात आणल्यावर म्हणाले, "लाइट गेली का गं?" भर दुपार होती! त्यांना काहीच दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नजर आली. "पाण्यामुळे होतं कधी कधी," असं डॉक्टर म्हणतात. आयसीयूचं बिल मात्र वेगळं लावलं. भाऊ पोलिसांत जाऊ म्हणतो. काय करावं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, भावाला आधी थांबवा. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा चालवायचा तर निष्काळजीपणा अगदी घोर असावा लागतो, आणि पोलिसांनीही आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात हे स्पष्ट केलंय. तुमच्या हकिकतीत तसं काही मला दिसत नाही.

डॉक्टर म्हणतात ते खोटं नसावं. ऑपरेशन करताना आतलं नीट दिसावं म्हणून सतत पाणी सोडावं लागतं. पुष्कळ ठिकाणी ते १.५ टक्के ग्लायसिनचं (हे एक अमिनो आम्ल) असतं. कापलेल्या शिरांतून ते रक्तात जातं, डोळ्याच्या पडद्याचं काम मंदावतं आणि नजर जाते. ग्लायसिन ओसरलं की बहुधा दिवसभरात परत येते. म्हणजे नजर गेली एवढ्यावर केस उभी राहत नाही.

केस असलीच तर ती कागदांत आहे. भूलतज्ज्ञांची शीट, म्हणजे ऑपरेशन चालू असताना त्यांनी केलेली नोंद, मिळवा. ऑपरेशन किती वेळ चाललं? ते साधारण तासाभरात आटपावं असा दंडक आहे. पाणी किती सोडलं, किती परत आलं, रक्तातलं सोडियम (जास्त पाणी रक्तात गेलं की ते खाली जातं) कधी तपासलं, आकडा किती आला? भूल कमरेत दिली असेल तर वडील जागे असणार. टेबलावर मळमळ, घाबरल्यासारखं (पाणी रक्तात जात असल्याची ही लक्षणं) झालं होतं का, ते त्यांनाच विचारा. आणि "दिसत नाही" म्हटल्यावर डॉक्टर किती वेळानं आले, हे नर्सच्या नोंदीत मिळेल.

संमतीपत्रही बघा. त्यावर सही कुणाची आहे? शुद्धीत असलेल्या पेशंटची सही मुलाकडून घेऊन चालत नाही. या धोक्याची कल्पना दिली होती का, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या समीरा कोहली निकालामुळे (२००८) तुम्हाला मांडता येईल.

केसपेपरसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दलच्या वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात. आयसीयूचं तपशीलवार बिलही मागा. सोडियम खाली गेलं असेल तर आयसीयू लागतंच, त्यामुळे बिलात लबाडीच आहे असं धरून चालू नका.

कागदांत हलगर्जी दिसली तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील असून सांगतो, नजर परत आल्यामुळे भरपाई फार मोठी मिळणार नाही. जादा बिल आणि मनस्तापापोटी काही, एवढंच. तेव्हा आमची फी ठरवण्याआधी ती शीट एखाद्या दुसऱ्या भूलतज्ज्ञाला दाखवा.