नेट बैठकीत पळतं, माजघरात अडतं

प्रश्न : अंबाजोगाईत आमचा जुना दगडी वाडा आहे. राऊटर बैठकीत, टीव्हीच्या मागं. तिथं नेट झकास चालतं. पण माजघरात लेक नीटच्या तयारीचे व्हिडिओ लावते, तर नुसतं गोल फिरत बसतं. नेटवाला म्हणतो, मोठा प्लॅन घ्या. घ्यावा का?
– एक वडील

उत्तर : मुळीच घेऊ नका, दादा. बैठकीत नेट झकास चालतंय, म्हणजे लाइन चांगली आहे. अडवतेय ती भिंत. जुन्या वाड्यांच्या भिंती हात-दीड हात जाड, त्यातून वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी (फ्रिक्वेन्सी) 5 गिगाहर्ट्‌झचा सिग्नल फारसा जात नाही. दुसऱ्या, 2.4 च्या पट्ट्याचा वेग कमी, पण तो आतवर पोचतो, आणि व्हिडिओला तेवढा वेग पुरतो. फोनमध्ये वायफायची दोन नावं दिसत असतील, तर लेकीचा फोन 2.4 वाल्यावर जोडून बघा.

राऊटर टीव्हीमागून आधी काढा. माजघराच्या दारासमोर, उंच फळीवर ठेवा. लोखंडी कपाटापासून लांब. दारातून सिग्नल सरळ आत जाऊ द्या.

एवढ्यानंही भागलं नाही, तर रिपीटरच्या नादी लागू नका. माजघरात तो लावला, तर भिंतीतून आलेला अर्धमेला सिग्नल उचलून अर्धमेलाच पुढं देणार. त्यापेक्षा बैठकीतल्या राऊटरपासून माजघरापर्यंत लॅन केबल (नेटची वायर) ओढा आणि तिथं दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलनं आलेलं नेट वायफायनं पसरवायला, लावा. केबल 100 मीटरपर्यंत बिनघोर चालते. खर्च एकदाच होतो, आणि वर्ष परीक्षेचं आहे, तेव्हा हे काम याच आठवड्यात उरकून घ्या.