टेनिससाठी मुलाला घेऊन स्पेनला राहायला यावं का? नाशिकच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, राज्यात त्याचं नाव वरच्या खेळाडूंत आहे, आणि दहावी झाली की नाशिकचा एक फ्लॅट विकून तुम्ही दोघांनी बार्सिलोनाला राहायला यायचं असं घरात चाललंय. मी मूळचा सांगलीचा. अमेरिकेत कॉलेजकडून टेनिस खेळलो आणि आता बरीच वर्षं बार्सिलोनाजवळ एका क्लबात मुलांना शिकवतो. माझं मत आधीच सांगतो: मुलाला इथे जरूर आणा, पण घर विकून आणू नका आणि एकदम कायमचं तर नकोच.

इथले कोच काहीतरी गुपित शिकवतात असं आपल्याकडे अनेक पालकांना वाटतं. फोरहँड नाशिकलाही चांगला शिकवता येतो, पुण्यात तर नक्कीच. इथे मिळतात त्या मॅचेस. शनिवार-रविवारी लोकल ट्रेनने जाऊन येण्याच्या अंतरावर कुठे ना कुठे क्लबांच्या स्पर्धा चालू असतात. समोर कधी सोळा वर्षांचा पोरगा येतो, तर कधी पस्तिशीचा, एके काळी एटीपी रँकिंग (पुरुष व्यावसायिकांच्या जागतिक क्रमवारीत नंबर) असलेला माणूस. तो फार जोरात मारत नाही, पण प्रत्येक चेंडू परत आणतो. आपली मुलं बहुतेक हार्ड कोर्टवर वाढलेली असतात, त्यामुळे सर्व्हिस आणि त्यापाठोपाठ एक जोरदार फटका, एवढ्यात पॉइंट संपवायची सवय लागते. इथल्या विटांच्या चुऱ्याच्या लाल, म्हणजे क्ले कोर्टवर तो फटकाही परत येतो. मग सरकत जाऊन चेंडू गाठायचा, उंच टाकायचा, वाट बघायची, हे मुलगा हरत हरत शिकतो. पुढे विम्बल्डन जिंकलेला अँडी मरे पंधराव्या वर्षी स्कॉटलंड सोडून बार्सिलोनाच्या सांचेझ-कासाल अकादमीत आला, तेव्हा त्याला इथे त्याच्या तोडीचे आणि त्याच्याहून वरचे खेळाडू रोज सरावाला मिळाले. आपल्या पुण्याचा तरुण खेळाडू मानस धामणेही अशाच सरावासाठी इटलीत बोर्डिघेराच्या पियाटी सेंटरला गेला.

आता पैशाचं, कारण फ्लॅटचा विषय त्यातूनच निघालाय. मोठ्या नावाच्या अकादमीत राहणं, शाळा आणि टेनिस मिळून वर्षाचा खर्च 50,000 युरोच्या पुढे सहज जातो. स्पर्धांचा प्रवास आणि सोबत येणाऱ्या कोचचा खर्च बहुधा वेगळाच असतो. आणि कमाई? पुरुषांच्या सर्वांत खालच्या पायरीवरची स्पर्धा म्हणजे एम15. एकूण बक्षीस 15,000 डॉलर. एकेरी जिंकणाऱ्याला 2,160 डॉलर, मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला 156, आणि तेही कर कापण्याआधी. ड्रॉ 32 जणांचा, म्हणजे आठवड्याअखेर 31 जण हरून पुढचं तिकीट काढतात. सुमित नागल 2023 मध्ये एकेरीत भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता, आणि तेव्हा त्याने उघड सांगितलं होतं की खात्यात जेमतेम 900 युरो आहेत. पुढच्या जानेवारीत त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये कझाकस्तानच्या बुब्लिकला हरवलं, फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर (एम15 च्या वरच्या दर्जाची स्पर्धा) जिंकून जगातल्या पहिल्या शंभरात आला आणि जुलैत 68 व्या क्रमांकावर पोचला. हे वाचून मला आनंद होतो, पण तो तेव्हा 26 वर्षांचा होता हे विसरू नका. फ्लॅटचे पैसे सोळा ते अठरा या दोन वर्षांत संपतील, आणि खरी गरज लागेल ती वीस ते पंचवीसमध्ये.

वरच्या पायरीवर चित्र एकदम पालटतं. 2025 मध्ये विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही 66,000 पौंड मिळाले. पण पुरुष एकेरीच्या 128 जणांत रँकिंगवर थेट घेतात ते साधारण पहिले 104. त्या 104 जणांत काही वर्षं तग धरता येणं, हीच या व्यवसायातली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

म्हणून मी सुचवतो ते असं. आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी आणि युरोपातला क्लेचा हंगाम एकाच वेळी येतात. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बहुतेक देशांसाठीचा एकच व्हिसा) कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, त्यात एप्रिल ते जूनचा मध्य नीट बसतो. मोठ्या अकादमीऐवजी एखादा मध्यम क्लब निवडा, खोली भाड्याने घ्या, क्लबकडून टेनिस फेडरेशनचं, म्हणजे स्पर्धा खेळण्याचं लायसन्स काढा आणि मुलाला दर आठवड्याला मॅच खेळू द्या. आणखी एक फायदा: 2024 च्या नियमानुसार तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून नीट वापरले, की भारतीयांना साधारणपणे दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळतो. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, तिथे खेळायचं तर व्हिसा वेगळा काढावा लागतो, तो आयत्या वेळी मिळत नाही. कायमचं यायचं ठरलंच तर मुलाच्या विद्यार्थी व्हिसावर तुम्हाला इथे नोकरी करता येईल असं गृहीत धरू नका. भाऊजी तिकडे, तुम्ही इकडे, हातात काम नाही, भाषा येत नाही. मी अशा आया पाहिल्यात. मुलगा हरून आला की त्यांचा चेहरा पडतो, आणि पोराला ते कोर्टवरच्या हरण्यापेक्षा जास्त लागतं.

शाळा सोडू नका, हे मी हात जोडून सांगतो. अमेरिकन कॉलेज टेनिस हा रस्ता आता दुय्यम राहिलेला नाही. आजचे व्यावसायिक खेळाडूच बघा: अमेरिकेचा बेन शेल्टन 2022 मध्ये फ्लोरिडाकडून कॉलेजचा एकेरी विजेता होता. ब्रिटनचा कॅमेरॉन नॉरी टेक्सासच्या टीसीयू विद्यापीठाचा. आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये शिकली आणि हांगझोऊच्या एशियाडमध्ये बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. आपलाच अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा. पण कॉलेजला नववीपासूनचे गुण लागतात, आणि शाळा संपल्यावर फार काळ नुसतं खेळत राहिलं तर कॉलेजकडून खेळण्याच्या पात्रतेची वर्षं कापली जाऊ शकतात. हे नियम सध्या बदलतायत, म्हणून अकरावीत असतानाच तिथल्या कोचना थेट ईमेल करा. ते पहिल्यांदा यूटीआर आकडा (मॅचेसच्या निकालांवरून ठरणारं खेळाडूचं रेटिंग) बघतात, आणि तो वाढवायलाही मॅचेसच लागतात.

जेवणाची काळजी सोडा. डाळ, तांदूळ, पीठ सगळं मिळतं.

मला मुलाच्या गेल्या वर्षभरातल्या मॅचेसचे स्कोअर पाठवा, जिंकलेले आणि हरलेले दोन्ही. तिसऱ्या सेटमध्ये तो कसा हरतो ते बघून कोणता क्लब योग्य ते सांगेन. एप्रिलमध्ये यायचं असेल तर व्हिसाची कागदपत्रं, त्यात एकट्या तुमच्यासोबत येणार असेल तर वडिलांचं नोटराइज्ड संमतीपत्र, जानेवारीतच तयार ठेवा.