‘अ‍ॅब्सेन्स ऑफ एव्हिडन्स इज नॉट एव्हिडन्स ऑफ अ‍ॅब्सेन्स’, म्हणजे पुरावा नसणं हा नसण्याचा पुरावा नव्हे, हे हिंदीत नेमकं कसं लिहावं? यंत्राने ‘साक्ष्य की अनुपस्थिति अनुपस्थिति का साक्ष्य नहीं है’ असं भाषांतर दिलं, ते चालेल का?

मी असं लिहीन: ‘सबूत का न होना, न होने का सबूत नहीं है।’

मूळ वाक्याची ताकद तेच दोन शब्द उलटून येण्यात आहे, आणि हिंदीत ती ‘न होना’मुळे सहज टिकते. मधला स्वल्पविराम मात्र गाळू नका. तो गेला की ‘न होना न होने का’ असं सलग वाचलं जातं आणि वाचणारा अडखळतो.

यंत्राने दिलेलं भाषांतर व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. ‘अनुपस्थिति’ मुख्यतः हजेरीशी जोडलेला शब्द आहे: माणूस वर्गात किंवा बैठकीत नसणं. पुराव्याला हिंदीत ‘अभाव’ लागतो. आपल्याकडे ‘पुराव्याअभावी सुटका’ तसं तिकडे ‘सबूतों के अभाव में बरी’. त्यामुळे वैचारिक लेखात ‘प्रमाण का अभाव, अभाव का प्रमाण नहीं है’ हेही उत्तम. ‘साक्ष्य’ कायद्याच्या मजकुरासाठी ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या कायद्याचं नावच ‘भारतीय साक्ष्य अधिनियम’ आहे.

मराठी माणूस इथे ठरावीक ठिकाणी घसरतो. आपण ‘सबूत का नहीं होना’ लिहितो. प्रमाण हिंदीत ‘होना’सारख्या क्रियार्थक रूपाआधी ‘न’ येतो, ‘नहीं’ वाक्याच्या मुख्य क्रियापदाला. ‘का’च्या आधी ‘होना’चं ‘होने’ होतं. ‘सबूत’मधला ऊ दीर्घ, ‘साबुत’ म्हणजे अख्खं, जसं साबुत मूँग. ‘पुरावा’ हिंदी वाचकाला कळत नाही. मराठीतली ‘साक्ष’ म्हणजे हिंदीत ‘गवाही’. ‘साक्ष्य’ त्याहून व्यापक, त्यात कागदपत्रंही येतात.

आता अर्थाचं, कारण भाषांतर खरं तिथे बिघडतं. ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘खोटं ठरलं’ यांत फरक आहे. 1872 च्या पुरावा कायद्याने यासाठी तीन वेगळ्या अवस्था केल्या होत्या. हिंदीत त्या ‘साबित’, ‘नासाबित’ (म्हणजे खोटं ठरलेलं) आणि ‘साबित नहीं हुआ’. वैद्यकीय मजकुरात हे सांभाळणं फार गरजेचं आहे. डग्लस ऑल्टमन आणि मार्टिन ब्लँड या संख्याशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याच वाक्याच्या शीर्षकाखाली बजावलं होतं की लहान चाचणीत फरक दिसला नाही म्हणजे दोन उपचार सारखेच, असं होत नाही. म्हणून ‘फ़ायदे का सबूत नहीं मिला’ याचं ‘फ़ायदा नहीं होता’ करू नका. ‘मिला’ सांगतं की शोधलं आणि सापडलं नाही, आणि तेवढंच खरं असतं.

अर्थात हे वाक्य कुठेही चिकटवून चालत नाही. वस्तू असती तर दिसलीच असती अशी स्थिती असेल, तेव्हा न दिसणं हा नसण्याचा पुरावा ठरतो. आपल्या दर्शनांत याला ‘योग्यानुपलब्धि’ असं अचूक नाव आहे, आणि भाट्ट मीमांसक व अद्वैती या परंपरा अनुपलब्धीला, म्हणजे न आढळण्याला, ज्ञानाचं स्वतंत्र साधन (प्रमाण) मानतात. कोविडच्या काळात उलट स्थिती होती: लक्षणं असताना रॅपिड अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करून घ्यावी अशी आयसीएमआरची सूचना होती, कारण पहिली चाचणी बऱ्याच बाधितांना पकडत नव्हती.

बोलण्यात किंवा सबटायटलमध्ये शब्दांचा उलटफेर सोडून द्या आणि सरळ म्हणा: ‘सबूत नहीं मिला, इसका मतलब यह नहीं कि ऐसा हुआ ही नहीं।’ शेवटी ‘कि बात झूठी है’ असं लिहू नका. मूळ वाक्यात कुणावर खोटेपणाचा आरोप नाही, आणि ‘झूठ’ आलं की तो डोकावतो.