अंगणातलं संत्र्याचं झाड आणि विश्वास

प्रश्न : ताई, नागपूरला अंगणात संत्र्याचं कलम लावून 3 वर्षं झाली, नुसता पाला, फळ एक नाही. घरचे म्हणतात उपटून टाक. माझ्या प्रार्थनेचंही तसंच झालंय, रोज करते पण काही दिसत नाही. काय करू?

उत्तर : अगं थांब, उपटू नको बाप्पा! संत्र्याच्या कलमाला धड फळ धरायलाच चार-पाच वर्षं लागतात, तुझं झाड आळशी नाहीये, लहान आहे. बायबलमधल्या लूकच्या 13व्या अध्यायात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे बघ, तिथेही मालक 3 वर्षं वाट बघून कंटाळला आणि तोडून टाक म्हणाला, पण माळी म्हणाला हे वर्ष राहू द्या, मी आजूबाजूला खणून खत घालतो. मला तो माळी फार आवडतो, कारण तो नुसता थांब म्हणत नाही, फावडं पण उचलतो. तूही आळं मोकळं कर, शेणखत घाल.

आणि पानसोट बघ, ते सरळसोट जोमदार फुटवे, दिसायला छान पण रस पितात नि फळ देत नाहीत. ते काप. बायबलमधल्याच योहानच्या 15व्या अध्यायात छाटणीचं आहे ते हेच, आणि फळ देणारा फाटाही छाटतात तिथे, म्हणजे कात्री लागली की शिक्षाच झाली असं नसतं गं.

आपल्याकडे आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरच्या सुमारास बागेचं पाणी तोडतात, ताण देतात, मग पाणी दिलं की फुलं. तुझी प्रार्थना सध्या त्या ताणात असेल, मला तरी असं वाटतं. लहान झाडाला मात्र ताण देऊ नकोस हं, मे महिन्यात तर मुळीच नाही.